फोलिक ॲसिड आणि बी-१२ची पायरी
पालक-मेथीतलं फोलेट आणि गोळीतलं फोलिक ॲसिड एकच, असं तुम्हाला वाटत असेल. पण फोलिक ॲसिड शरीराला जसंच्या तसं वापरता येत नाही. यकृतातलं एक एन्झाइम हळूहळू त्याचं टेट्राहायड्रोफोलेट बनवतं. नव्या रक्तपेशी घडवायला हेच लागतं.

पालेभाजीतलं फोलेट रक्तात मिथाइल-फोलेट म्हणून फिरतं. ते कामाला लावायला बी-१२ हवं. फोलिक ॲसिड ही पायरी टाळतं. म्हणून बी-१२ कमी असूनही हिमोग्लोबिन ठीक दिसू शकतं, आणि आत नसांची इजा चालूच राहते.

अमेरिकेत १९९८पासून एनरिच्ड मैद्यात फोलिक ॲसिड घालणं सक्तीचं आहे. तेव्हा शाकाहारी असाल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका, बी-१२ही तपासा. गरोदरपणासाठी दिलेली गोळी मात्र चालूच ठेवा.