जुन्या पिकअपचा क्लच : प्लेटआधी पिना पाहा



जीपच्या घराण्यातला जुना महिंद्र पिकअप अजूनही काही वस्त्यांवर कांद्याच्या गोण्या आणि दुधाचे कॅन वाहताना दिसतो. अशा गाडीचा गिअर एके दिवशी पडेनासा होतो, आणि मिस्त्री 'क्लचप्लेट गेली' म्हणून मोकळा होतो. गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च ऐन बाजाराच्या दिवसांत करण्यापूर्वी थोडे थांबा. इंजिन ओरडते पण गाडी चढ चढत नाही, तर प्लेटवर संशय घ्यावा. पेडल दाबूनही गाडी पुढे सरकते आणि गिअर खरखरतो, तर आधी पेडलाखालची जोडणी तपासावी. नाहीतर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

पेडल दाबले की दांडी ओढली जाते, आडवा शाफ्ट फिरतो, त्याची तरफ दुसऱ्या दांडीने किंवा केबलने फोर्क हलवते आणि फोर्क बेअरिंगला प्लेटकडे सारतो. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश असतो. एका सांध्यात १ मिलिमीटरची ढिलाई काहीच नाही असे वाटते. पण चार सांध्यांची मिळून ४ होते, आणि फोर्काची चाल मुळातच थोडी असते.

तपासणी घरीच होते. इंजिन बंद ठेवा, चाकांना दगड लावा. एकाने पेडल हळूहळू दाबावे, दुसऱ्याने बॅटरी घेऊन खालून पाहावे. पेडल हलते पण पुढची तरफ उशिरा हलते, तिथेच झीज आहे. पिनेचे भोक अंड्यासारखे लांबट झाले असेल, तर नुसती नवी पिन घालून भागत नाही.

सुटा भाग शोधताना जुना भाग हातात घेऊनच निघा. गाडीचे वर्षच सांगून भागत नाही, कारण अशा अनेक गाड्यांचे पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेले असते आणि जोडणीही बदललेली असते. इंजिन व गिअरबॉक्स यांची नावे-क्रमांक लिहून न्या. मुंबईत कुर्ल्याचा भंगारबाजार, तर उत्तरेत हरियाणातील मंडी डबवाली ही जीपच्या कामासाठी नावाजलेली ठिकाणे. तरफ, फोर्क किंवा शाफ्ट जुना, पण न वाकलेला आणि तडा नसलेला, घेतला तरी चालेल. बेअरिंग मात्र नवेच घ्यावे.

भाग मिळाला नाही तर तालुक्याच्या लेथवाल्याकडून गनमेटलचा बुश करून घ्या. लांबट भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडता येते. पिनेच्या जागी खिळा किंवा तार कधीही घालू नका. घाटात ती तुटली, तर क्लच अचानक निकामी होतो.

शेवटी पेडलाला सुमारे २० ते २५ मिलिमीटर मोकळी चाल ठेवा. ती नसेल तर बेअरिंग सतत घासून जळते आणि प्लेटही घसरू लागते. सांध्यांना दर महिन्याला ग्रीस द्या; बैलगाडीच्या आसाला वंगण लागते, तसेच याचेही आहे.