विश्लेषण : हायड्रॉलिक यंत्रणा बिघडली, तरी विमान लगेच का उतरवत नाहीत?

तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानात ११ ऑक्टोबर २०२४ रोजी उड्डाणानंतर हायड्रॉलिक बिघाड झाला. सुमारे १४० प्रवासी असलेले हे बोइंग ७३७ विमान जवळपास अडीच तास आकाशात घिरट्या घालून सुखरूप उतरले. बिघाड असूनही इतका वेळ का थांबले?

हायड्रॉलिक यंत्रणा काय करते?
चाके, ब्रेक, फ्लॅप्स आणि विमान वळवणारे पंखांचे भाग तेलाच्या दाबावर हलतात. हा दाब सुमारे ३००० पीएसआय, म्हणजे कारच्या टायरमधील दाबाच्या जवळपास ९० पट असतो. ‘बोइंग ७३७’मध्ये ‘ए’, ‘बी’ आणि राखीव अशा तीन यंत्रणा असतात. एक बंद पडली तरी विमान नियंत्रणात राहते.

वैमानिक काय करतात?
एक जण विमान सांभाळतो, दुसरा चेकलिस्ट वाचतो. ‘ए’ यंत्रणा गेल्यास चाके नेहमीप्रमाणे उघडत नाहीत. तेव्हा कॉकपिटच्या तळातील झाकणाखालची तीन हँडल ओढतात. खिट्ट्या सुटून चाके स्वतःच्या वजनाने खाली येतात. काही स्पॉयलरही निकामी होतात. त्यामुळे थांबायला जास्त धावपट्टी लागते.

मग घिरट्या कशासाठी?
‘७३७-८००’चे उड्डाणावेळचे कमाल वजन सुमारे ७९ टन, तर उतरतानाचे सुमारे ६६ टन असते. या विमानात इंधन हवेत सोडण्याची सोय नाही. ते जाळूनच वजन कमी करावे लागते. आणीबाणीत जड विमानही उतरवता येते. आग लागली, तर थांबणे धोक्याचे. इथे मात्र ब्रेक आणि धावपट्टी पुरणे महत्त्वाचे होते.

सर्वच यंत्रणा गेल्या तर?
१९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सच्या ‘डीसी-१०’चे मागचे इंजिन फुटले आणि तिन्ही यंत्रणांतील तेल गेले. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांची ताकद कमी-जास्त करत विमान सू सिटीपर्यंत आणले. ते उतरताना कोसळले. तरी २९६ पैकी १८४ जण वाचले. त्यानंतर ‘डीसी-१०’मध्ये गळती होताच तेल अडवणारी झडप बसवण्यात आली.

थोडक्यात, तिरुचिरापल्लीवरच्या घिरट्या म्हणजे वैमानिकांची हतबलता नव्हती. सुरक्षित उतरण्याची ती तयारी होती.