प्रायमर (काडतूस)

प्रायमर हा काडतुसाच्या तळाशी बसवलेला, आघाताने पेटणारा लहान घटक होय. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरचा चाप ओढल्यावर फायरिंग पिन प्रायमरवर आदळते, त्यातील संवेदनशील मिश्रण पेटते आणि त्याची ज्योत पुंगळीतील दारूपर्यंत पोहोचून गोळी सुटते. ही साखळी कोठेही तुटल्यास बार उडत नाही. मात्र बार न उडणे म्हणजे काडतूस निकामी झाले, असे लगेच म्हणता येत नाही. त्यामुळे प्रायमरच्या दोषांची माहिती शस्त्र वापरणाऱ्याच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही महत्त्वाची ठरते.

इतिहास

चकमकीच्या बंदुकीत ठिणगी उघड्यावरील रंजकावर पडत असे. पावसात रंजक भिजल्यास बंदूक निरुपयोगी होई. १८०० मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड हॉवर्ड यांनी पाऱ्याच्या फल्मिनेटचे वर्णन प्रसिद्ध केले. आघाताने पेटणाऱ्या अशा रसायनांचा बंदुकीसाठी उपयोग करणाऱ्या यंत्रणेचे एकस्व स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर जॉन फॉर्सिथ यांना १८०७ मध्ये मिळाले. पुढे तांब्याच्या स्फोटक टोप्या प्रचारात आल्या आणि अखेरीस प्रज्वलक काडतुसातच समाविष्ट झाला.

रचना

प्रायमरमध्ये धातूची वाटी, मिश्रणाचा थर आणि ऐरण असते. पिनच्या आघाताने वाटी आत दबते व मिश्रण ऐरणीवर चिरडून पेटते. १८६६ च्या सुमारास दोन पद्धती पुढे आल्या. अमेरिकेतील हायरम बर्डन यांच्या पद्धतीत ऐरण पुंगळीचाच भाग असते व ज्योतीसाठी सहसा दोन छिद्रे असतात. ब्रिटिश सैन्याधिकारी एडवर्ड बॉक्सर यांच्या पद्धतीत ऐरण प्रायमरमध्येच असून पुंगळीला मध्यभागी एकच छिद्र असते. त्यामुळे वापरलेला प्रायमर काढून पुंगळी पुन्हा भरणे सोपे जाते.

०.२२ इंची काडतुसांत स्वतंत्र प्रायमर नसतो. मिश्रण पुंगळीच्या पोकळ कडेत पसरलेले असते. ते सर्वत्र सारखे न पसरल्यास पिनचा आघात रिकाम्या जागी होऊन बार चुकू शकतो.

बार न उडण्याची कारणे

दोष शस्त्रात असू शकतो किंवा काडतुसात. चाप हलका व्हावा म्हणून रिव्हॉल्व्हरची मुख्य स्प्रिंग कमजोर केल्यास किंवा पिनच्या मार्गात घट्ट झालेले तेल व काजळी साचल्यास आघात अपुरा पडतो. प्रायमर पूर्ण खोलवर बसवलेला नसल्यास पहिल्या आघाताची ऊर्जा तो आत सरकवण्यातच खर्च होते. असे काडतूस अनेकदा दुसऱ्या आघाताने उडते. पिस्तुलाच्या काडतुसात रायफलचा जाड वाटीचा प्रायमर वापरल्यासही बार चुकू शकतो. याशिवाय ओलावा, झिरपलेले तेल, ऐरणीचा अभाव व सदोष मिश्रण ही काडतुसातील कारणे होत.

निदानासाठी प्रायमरवरील खळगा पाहतात. खळगा उथळ असल्यास शंका प्रथम शस्त्रावर, तर पुरेसा खोल असल्यास काडतुसावर घेतली जाते.

विलंबित व अपुरे प्रज्वलन

प्रायमर क्षीणपणे पेटल्यास दारू क्षणभर उशिराने पेट घेऊ शकते. यालाच विलंबित बार म्हणतात. तो सुरुवातीला चुकलेल्या बारासारखाच भासतो. या अवधीत पिस्तूल उघडल्यास काडतूस नळीबाहेर फुटू शकते. रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढल्यास चक्र फिरते आणि पेटू लागलेले काडतूस नळीच्या रेषेतून बाजूला जाते. ते तेथे उडाल्यास शस्त्र व हात दोहोंना इजा होऊ शकते. म्हणून सरावाच्या मैदानावर नळी सुरक्षित दिशेला रोखून किमान ३० सेकंद थांबण्याची व त्यानंतरच काडतूस काढण्याची शिकवण दिली जाते.

पुंगळीत दारू नसल्यास किंवा ती नीट न पेटल्यास केवळ प्रायमरच्या दाबाने गोळी नळीत शिरून अडकू शकते. अशा वेळी आवाज फुसका येतो व धक्का कमी जाणवतो. त्यामागोमाग दुसरी गोळी झाडल्यास नळी फुगण्याचा वा फुटण्याचा धोका असतो. त्यामुळे गोळीबार तत्काळ थांबवून, शस्त्र रिकामे करून नळी मोकळी असल्याची खात्री करणे आवश्यक असते.

साठवण

काडतुसे कोरड्या, थंड जागी ठेवल्यास अनेक दशके वापरण्याजोगी राहू शकतात. उष्णता, दमट हवा आणि तेलाचा संपर्क यांपासून ती दूर ठेवतात.