कॉम्प्युटरवर मेल उतरत नाहीत? आधी हे बघा



गेल्या जुलैत, बंदी उठायला थोडे दिवस असताना, संस्थेच्या कॉम्प्युटरवर नऊ दिवस एकही मेल उतरला नाही. आम्हाला वाटलं, कुणी पाठवलाच नाही. मग एका ट्रॉलर मालकाने विचारलं, "माझ्या कागदांचं काही कळलं का?" मोबाइलवर तेच खातं उघडलं, तर त्रुटीचं पत्र सहा दिवस येऊन पडलेलं! धावपळ करून कागद वेळेत दिले. चूक आमचीच होती, म्हणून हे लिहितो आहोत.

मेल आधी सर्व्हरवर येतो. थंडरबर्डसारखा प्रोग्राम तिथून तो आपल्या कॉम्प्युटरवर उतरवतो. जेटीवर मासळी आली, पण न्यायला टेम्पोच गेला नाही, तर मासळी आली नाही असं म्हणता येईल का? तसंच हे.

क्रमाने बघा:

1. मोबाइलवर खातं उघडा. तिथे नवे मेल दिसले तर अडचण कॉम्प्युटरवर आहे. तिथेही नसतील तर जागा बघा. जीमेलची फुकट जागा 15 जीबी, त्यात ड्राइव्ह आणि फोटोही मोजतात. ती भरली की नवे मेल पाठवणाऱ्याकडे परत जातात.

2. प्रोग्राम ऑफलाइन आहे का? थंडरबर्डच्या फाइल मेनूत हा पर्याय असतो, चुकून हात लागतो.

3. पासवर्ड बदलला का? आमचं हेच झालं. जीमेलचा मुख्य पासवर्ड बदलला की प्रोग्रामसाठी घेतलेला ॲप पासवर्ड रद्द होतो, नवा घ्यावा लागतो. कॉम्प्युटर रोज सूचना दाखवत होता, आम्ही न वाचताच ती बंद करत होतो.

4. तारीख-वेळ बरोबर आहे का? जुन्या कॉम्प्युटरचा सेल संपला की तारीख मागे जाते आणि सर्व्हर जोडला जात नाही.

5. हार्ड डिस्क भरली का? जागा नसेल तर मेल ठेवणार कुठे?

6. सेटिंग तपासा. जीमेलला पॉपसाठी पोर्ट 995, आयमॅपसाठी 993, दोन्हीकडे एसएसएल.

एक गोष्ट मात्र करू नका. घाईने प्रोग्राममधलं खातं काढून टाकू नका. पॉपने मेल उतरवताना ते सर्व्हरवरून पुसायची सेटिंग असेल, तर जुनी पत्रं फक्त त्याच कॉम्प्युटरवर असतात. लायसन्स, विमा, डिझेलचे कागद त्यातच गेले तर कुठून आणायचे? आधी प्रोग्रामच्या प्रोफाइल फोल्डरची कॉपी पेन ड्राइव्हवर घ्या.

आता आम्ही दर सोमवारी मोबाइलवरही खातं उघडून बघतो. तुम्हीही बघा. अडलं तर कॉम्प्युटरवर आलेल्या सूचनेचा फोटो काढून ऑफिसात या, मिळून बघू. पासवर्ड मात्र फोनवर कुणालाच सांगू नका, आम्हालासुद्धा नाही.

– सचिव