जुना आजार आणि कामगाराची नुकसानभरपाई

‘त्याला हृदयविकार आधीपासूनच होता.’ कामगार कामावर असताना दगावला की मालकाच्या तोंडी बहुधा हेच वाक्य येते आणि कुटुंबही ते प्रमाण मानून गप्प बसते. कायद्याचा हिशेब मात्र इतका सरळ नाही.

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. तथापि ‘कामातून उद्भवलेला व काम चालू असताना झालेला अपघात’ ही मूळ कसोटी कायम आहे. कामगार पूर्वी निरोगीच असावा, अशी अट तीत कधीही नव्हती.

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका पहारेकऱ्याचे प्रकरण या संदर्भात आवर्जून वाचावे असे आहे. त्याला हृदयविकार होता. कामावर असताना छातीत दुखू लागले आणि त्यातच त्याचा अंत झाला. १९५० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी या प्रश्नाची सुरेख फोड केली. आजाराच्या स्वाभाविक परिणामाने मृत्यू आला, तर मालक जबाबदार नाही. परंतु कामाच्या श्रमाने मृत्यूला हातभार लावला किंवा तो लवकर ओढवला, तर जुना आजार ही मालकाची ढाल होऊ शकत नाही.

याची दुसरी बाजू सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केली. वाहनावरील एका क्लीनरचा हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला होता. केवळ कामावर असताना मृत्यू आला एवढे पुरेसे नाही, कामाचा ताण आणि झटका यांतील संबंध पुराव्याने दाखवावा लागतो, असे सांगून न्यायालयाने भरपाई नाकारली.

म्हणजे सारी भिस्त कागदांवर. त्या दिवशी कोणते काम होते, किती तास, सलग किती पाळ्या, त्रास होत असल्याचे कोणाला सांगितले होते? हजेरीपट, सहकाऱ्यांचे जबाब, शवविच्छेदन अहवाल आणि डॉक्टरांचे मत यांतूनच याची उत्तरे मिळतात. दुःखाच्या त्या दिवसांत शवविच्छेदन नको वाटते, हे समजण्यासारखे आहे. पण पुढे त्याची उणीव भरून काढणे कठीण जाते.

राज्य विमा योजनेत समाविष्ट कामगाराच्या आश्रितांनी मात्र मालकाऐवजी कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे मागणी करावयाची असते. इतरत्र उद्योजकाने कामगार भरपाईचा विमा उतरविलेला बरा.

मृत्यूची भरपाई मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. वारसांच्या हाती परस्पर धनादेश देऊन ‘पूर्ण व अंतिम’ अशी पावती लिहून घेण्याची पद्धत अद्याप आढळते. कायदा अशा रकमेला भरपाई मानीत नाही.