डिचोलीचं नाव, देशाची लीग

गोव्यातला फुटबॉल म्हटलं की आपण डोळे झाकून सासष्टीकडे बोट दाखवतो. पण देशाची लीग पाच वेळा जिंकणाऱ्या धेंपो स्पोर्ट्स क्लबचं पहिलं नाव काय होतं, ठाऊक आहे? क्लुब देस्पोर्तिव द बिचोलिम! म्हणजे आपली डिचोली. साल 1961, गोवा मुक्त झाला तेच वर्ष. डिचोलीच्या खाणींतून लोहखनिज बाहेर पडत होतं, आणि त्याच खाणउद्योगाच्या आधारावर हा क्लब उभा राहिला.

या क्लबाकडे 2000 साली आर्मांद कुलासो कोच म्हणून आले आणि 2013 पर्यंत राहिले. तेरा वर्षं! आपल्याकडे चार सामने हरले की कोचची उचलबांगडी होते. तिथे एका माणसाच्या हाती तेरा वर्षं संघ? त्याचं फळ बघा: 2004-05, 2006-07, 2007-08, 2009-10 आणि 2011-12 अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदं. 2012 मध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या खात्यात प्रत्येकी तीनच होती.

यातल्या पहिल्या विजेतेपदाचा मोसम तर थक्क करणारा आहे. 5 डिसेंबर 2004, बंगळुरू, फेडरेशन कपची फायनल, समोर मोहन बागान. धेंपोचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर एक गोल करतो. मग दुसऱ्या गोलसाठी धावतो, चेंडू जाळ्यात जातो, गोलरक्षकाशी धडक होते आणि तो कोसळतो. पुन्हा उठतच नाही. वय अवघं 25. धेंपो 2-0 ने जिंकला, दोन्ही गोल त्याचेच. क्लबने त्याची दहा नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली.

लीग मात्र अजून खेळायचीच होती. बारा संघ, प्रत्येकाशी दोनदा गाठ, म्हणजे बावीस सामने. मुख्य आघाडीपटू गेलेला आणि ड्रेसिंग रूममध्ये त्याची जागा रिकामी. असा संघ कुठवर टिकणार? धेंपोने 47 गुण मिळवले आणि गोव्याच्याच स्पोर्टिंग क्लबला दोन गुणांनी मागे टाकून लीग जिंकली!

हे जमलं कसं? कपमध्ये एका दिवसाची किमया पुरते. लीगमध्ये भर उन्हात, परक्या मैदानावर, दुखापती सांभाळत महिनोन्‌महिने गुण गोळा करावे लागतात. कुलासोंचा संघ जमिनीवरून छोटे पास देत खेळायचा, आणि या खेळाचं गुपित मैदानावर जवळून पाहिलं तरच कळतं. पाठीवर बचावपटू घेऊन उभ्या असलेल्या मध्यरक्षकाकडे चेंडू येतो. मान वर करून बघायला त्याला वेळच नसतो. तो चेंडू थेट मोकळ्या जागेत ढकलतो, जिथे त्या क्षणी कोणीच नाही. पुढच्या सेकंदाला मात्र तिथे सहकारी पोचलेला असतो! मुरलेल्या भजनी मंडळात पखवाजवाला टाळकऱ्याकडे बघतो का? तसंच हे. ही समज फळ्यावर आकृत्या काढून येत नाही; तीच माणसं वर्षानुवर्षं एकत्र खेळली तर येते. क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, पुढे महेश गवळी, असा कणा कुलासोंनी टिकवला. नायजेरियाचा रँटी मार्टिन्सही आठ मोसम इथेच रमला. माझ्या मते कुलासोंचं खरं कसब हेच होतं.

अशी समज टिपेला पोचली की काय होतं? 30 मे 2011 रोजी धेंपोने एअर इंडियाला 14-0 ने हरवलं. हॉकीचा नव्हे, फुटबॉलचा स्कोअर! त्यातले सहा गोल एकट्या रँटीचे. पुढच्या मोसमात त्याने आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशाच्या लीगमध्ये, 32 गोल ठोकले.

आणखी एक गंमत. 2007-08 ते 2012-13 या आय-लीगच्या पहिल्या सहाही मोसमांत विजेता गोव्याचाच होता: धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. जेमतेम पंधरा लाख वस्तीचं राज्य हे!

कुलासोंना जानेवारी 2025 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्यांचे शिष्यही आता कोच झाले आहेत. क्लिफर्ड मिरांडाने 2023 मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला, आणि मध्यंतरी आय-लीगबाहेर राहिलेला धेंपो 2024 मध्ये तिथे परतला, तेव्हा संघाचा कोच होता समीर नाईक.