भग्न मूर्तीची दुरुस्ती : तंजावूरच्या धातुशिल्पांच्या संदर्भात

तंजावूरच्या राजवाड्याच्या परिसरात असलेल्या कलादालनात वृषवाहन शिवाची एक धातुमूर्ती आहे. तिची उंची एक मीटरहून थोडी अधिक आहे. शिव एका पायावर दुसरा पाय तिरपा टाकून सहज उभा आहे. जटा सर्पांसह गुंडाळून फेट्यासारख्या बांधल्या आहेत. एक हात कोपरात वाकवून वाहनाच्या अंगावर विसावल्यासारखा बाजूला आला आहे. त्या हाताखाली मात्र नंदी नाही. तिरुवेणकाडू येथील श्वेतारण्येश्वराच्या मंदिरातील शिलालेखांवरून ही मूर्ती इ. स. १०११ मध्ये आणि तिच्यासोबतची देवीची मूर्ती १०१२ मध्ये, म्हणजे राजराज चोळाच्या अखेरच्या वर्षांत, अस्तित्वात होती हे निश्चित होते. विसाव्या शतकाच्या मध्यास त्या दोन्ही भूमिगत अवस्थेतून बाहेर आल्या. राजवाड्यातील दालनाची स्थापनाही १९५१ मधलीच. तेव्हापासून शिवाचा हात रिकाम्या जागेवर टेकलेला आहे.

तंजावूरपासून सुमारे ३० किलोमीटरांवर, कुंभकोणमजवळ, स्वामिमलई हे धातुमूर्तिकारांचे गाव आहे. तेथील स्थपतींना मापे दिली तर शिल्पशास्त्राच्या प्रमाणात बसणारा नंदी ते ओतून देऊ शकतील, यात शंका नाही. मग तो का ओतून घेतला जात नाही? भग्न वस्तूची दुरुस्ती करणे, तिच्या जागी नवी वस्तू आणणे आणि ती आहे तशी राखणे, या तीन मार्गांपैकी कोणता केव्हा पत्करावा, हा प्रश्न मूर्तिशास्त्राइतकाच साहित्यशास्त्राचाही आहे. परंतु त्याचे उत्तर शोधताना प्रथम धातूकडे वळणे सोयीचे आहे. कारण धातू मनुष्याच्या हेतूंविषयी उदासीन असतो, आणि आपल्या मर्यादा स्पष्टपणे दाखवून देतो.

या मूर्तींना लोकभाषेत पंचधातूच्या म्हणतात. पाच धातूंत सोने व रुपे यांची गणना होते; प्रत्यक्ष पृथक्करणात मात्र चोळकालीन मूर्ती या मुख्यतः तांबे, त्यात कथील आणि बऱ्याचदा शिसे, अशा मिश्रधातूच्या असल्याचे आढळते. सोन्यारुप्याचा अंश असला तरी तो नाममात्र असतो. मूर्ती घडविण्याची रीत मधूच्छिष्टविधानाची, म्हणजे मेणाच्या साच्याची. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त ती वर्णिलेली आहे. (याच ग्रंथात मराठी गीतपंक्तींचे अगदी जुने नमुने मिळतात, म्हणून मराठीच्या अभ्यासकाला तो अपरिचित नाही.) मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर मातीचे लेप चढवायचे, तापवून मेण काढून टाकायचे आणि त्या पोकळीत वितळलेला रस ओतायचा. रस थिजला की साचा फोडावा लागतो. त्यामुळे एका मेणातून एकच मूर्ती निघते. तिचा दुसरा ठसा शिल्लक राहत नाही, सुटा भाग मागविण्याची सोय राहत नाही. चोळ स्थपतीच्या बोटांनी मेणात उमटविलेली रेषा केवळ त्या एका धातुपिंडातच उरलेली असते.

येथे मोटारीच्या ॲल्युमिनियमी मिश्रधातूच्या चाकाशी तुलना केली तर ती अगदीच अस्थानी ठरू नये. ते चाक कारखान्यात कायम साच्यातून निघते. त्याच्यासारखी हजारो असतात. तरीही कडेला ओरखडे पडले, रंग उडून धातू खवखवीत झाला किंवा धाव किंचित वाकली, तर जाणता कारागीर ते घासून, सरळ करून, पुन्हा लेप चढवून वापरात आणतो. मालकाचा खर्च वाचतो आणि चांगला धातू भट्टीत जाण्याचे टळते. पण भेग आऱ्यांत किंवा मध्यभागी, जेथे गाडीचा भार पडतो तेथे गेली असेल, तर शहाणा कारागीर ते चाक जोडून देत नाही, बदलायला सांगतो. झाळल्यावर ते दिसायला सारखे होईल, पण तापलेल्या जागेची ताकद पूर्वीची राहणार नाही. वरवरची हानी आणि आधाराची हानी यांतला हा भेद यंत्रयुगाने शोधून काढलेला नाही.

आगम व शिल्पग्रंथांनी तो मूर्तीच्या बाबतीत फार पूर्वी सांगितला आहे. ‘मयमता’त अनुकर्म, म्हणजे जीर्ण वास्तूचे व मूर्तीचे पुनःसंस्करण, यासाठी स्वतंत्र अध्याय आहे, ‘अग्निपुराणा’तही जीर्णोद्धाराचा विधी येतो. या परंपरेचा सर्वसाधारण आशय असा की, आयुधे, अलंकार, प्रभावळ, बोटे अशा उपांगांची हानी झाली असेल तर ती सांधावी; मस्तकादी मुख्य अंग भंगले असेल तर मूर्ती विधिपूर्वक विसर्जित करून त्याच द्रव्याची व त्याच मानाची दुसरी स्थापावी. धातूच्या मूर्तीला खोल पाण्यात विसर्जन सांगितले आहे. आधुनिक वाचकाला यात कर्मठपणा दिसेल. पण विसर्जनाआधी देवत्व त्या पिंडातून काढून कलशात आणावे लागते, ही कल्पना लक्षात घेतली पाहिजे. जुनी वस्तू आणि नवी वस्तू एकच आहेत असे शास्त्र समजत नाही. सातत्य देवतेचे असते. धातूचे नसते, आणि तसा आभासही शास्त्र निर्माण करीत नाही.

आता हानी होते कशी, ते पाहू. मूळ गर्भगृहातील देव अचल. धातूच्या या उत्सवमूर्ती चल. पीठाला कड्या व छिद्रे असतात, त्यांतून दांडे घालून मूर्ती खांद्यावर, वाहनावर, रथावर चढते. शतकानुशतके अभिषेकाचे पाणी, दूध, तेल आणि घासणाऱ्या हातांचा स्पर्श यांनी नाकडोळ्यांच्या रेषा मंद होतात. उचलताना ठेवताना बोटे व प्रभावळीच्या ज्वाला निखळतात. चौदाव्या शतकाच्या आरंभी मलिक काफूरच्या स्वारीच्या (१३११) आणि त्यानंतरच्या धामधुमीत अनेक मंदिरांतील मूर्ती पुरून ठेवल्या गेल्या. कावेरीच्या खोऱ्यातील ओल्या, क्षारयुक्त मातीने त्यांचे रक्षण केले आणि त्यांना रोगही जडविला. हा शब्द अलंकारिक नाही. संरक्षक रसायनज्ञ त्याला ब्राँझचा रोगच म्हणतात. तांब्याशी संयोग पावलेले क्लोरीन हिरव्या कवचाखाली दबा धरून बसते. हवेतील ओल मिळाली की फिकट हिरवी भुकटी बाहेर पडते, सोबत आम्ल तयार होते, ते आणखी धातू खाते, आणि ही साखळी आपोआप चालू राहते. जमिनीतून बाहेर काढलेली मूर्ती सुरक्षित झाली असे वाटते, नेमका तेव्हाच हा क्षय वेग घेतो.

यावर उपाय म्हणून १९३० मध्ये मद्रासच्या सरकारी संग्रहालयात रसायनशाळा सुरू झाली आणि विद्युत्‌प्रक्रियेने मूर्ती स्वच्छ करण्याचे काम एस. परमशिवन यांनी तेथे हाती घेतले. भारतात त्या काळी ही मोठीच प्रगती होती. परंतु या प्रक्रियेत कवच जाऊन उघडा धातू समोर येतो, आणि पुष्कळदा मूळ पृष्ठभागाचा पुरावा त्या कवचातच असतो. पुढील पिढीने म्हणूनच हात आखडता घेतला : रोगट ठिपके सुईने टोकरून काढणे, सौम्य क्षारद्रावात दीर्घकाळ बुडवून क्लोराइड बाहेर काढणे, नंतर धातूवर संरक्षक रसायनाचा पातळ थर चढविणे आणि दालनाची हवा कोरडी राखणे. सांधकामातही तोच विवेक आला. शिसे तांब्यात विरघळत नाही, कणांच्या रूपाने वेगळे राहते, आणि ३२७ अंश सेल्सियसला वितळते. तांबे वितळायला मात्र १०८० अंशांहून अधिक उष्णता लागते. शिसेयुक्त जुन्या मूर्तीला डाग देण्यासाठी ज्योत लावली तर मूर्ती वितळण्याच्या कितीतरी आधी तिच्यातील शिसे घामासारखे बाहेर येऊ शकते, आणि हजार वर्षांपूर्वी धातू कसा थिजला याची सूक्ष्म साक्ष तेवढ्या भागात पुसली जाते. म्हणून संग्रहालयात थंड जोड पसंत करतात. तो खिळ्याचा किंवा राळेचा असतो, उद्या सोडविता येतो, आणि जवळून पाहणाऱ्याला ओळखू येतो.

दुरुस्ती ओळखू येऊ नये असे वाटणे स्वाभाविक आहे. त्या इच्छेचे पर्यवसान कोठवर जाऊ शकते, हे शिवपुरम्‌च्या नटराजाने दाखविले. कुंभकोणमजवळच्या या गावी १९५१ मध्ये काही चोळ मूर्ती जमिनीत सापडल्या. त्या दशकाच्या मध्यास त्या दुरुस्तीसाठी देण्यात आल्या; मंदिरात परत आल्या त्या हुबेहूब नकला. मूळ मूर्ती बाजाराच्या वाटेला लागल्या होत्या. पूजा चालू राहिली, कोणाला शंका आली नाही. १९६५ मध्ये ब्रिटिश संग्रहालयातील डग्लस बॅरेट यांनी, मंदिरातील नटराज मूळचा नव्हे, असे प्रसिद्ध केले तेव्हा प्रकरण उजेडात आले. १९७३ मध्ये अमेरिकेतील नॉर्टन सायमन यांच्या संग्रहाने विकत घेतलेला मूळ नटराज १९८६ मध्ये भारतात परतला. या घटनेतून दुरुस्तीविषयी अविश्वास शिकायचा नाही. बॅरेट यांना फरक कळला तो मूळ मूर्तीचे वर्णन व छायाचित्रे आधी नोंदली गेली होती म्हणून. दुरुस्तीला जाण्यापूर्वी वस्तू कशी होती, याची नोंद हाच दुरुस्तीचा पहिला टप्पा आहे. एरवी कारागिराच्या सचोटीवाचून दुसरा आधार राहत नाही.

पत्तूरच्या नटराजाच्या खटल्यात, ज्याचा निकाल लंडनच्या न्यायालयात १९८८ मध्ये लागला आणि ज्यानंतर १९९१ मध्ये मूर्ती परतली, मूर्तीवर चिकटलेली माती व तिच्या धातूची तपासणी पुराव्यात आली. ती मूर्ती कोणी उत्साहाने लखलखीत घासून ठेवली असती, तर तिने आपल्या गावाचे नाव सांगितले नसते.

मूर्तींच्या नोंदीची परंपरा तंजावूरला नवी नाही. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर राजराजाने अर्पण केलेल्या साठाहून अधिक धातुमूर्तींची यादी कोरलेली आहे. त्यांत मंदिरात ठेवलेल्या हस्तमापाने मोजलेली उंची, हातांची संख्या, मूर्ती भरीव की पोकळ, असा तपशील येतो. त्या मूर्तींपैकी बहुतेक आज नाहीत, पण त्या कशा होत्या हे सांगता येते. त्याच मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजीने भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरून घेतले. मंदिरातील जीर्णोद्धाराची कामेही या राजाने केली, आणि राजवाड्यातील सरस्वती महाल त्याच्याच नावाशी जोडलेला आहे.

त्या ग्रंथालयात, कलादालनापासून काही पावलांवर, हाच प्रश्न ताडपत्र व कागद यांच्या रूपाने उभा राहतो. किडीपासून बचावासाठी वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी यांची पूड कापरासह पुरचुंडीत बांधून पोथ्यांजवळ ठेवण्याची तेथील रीत प्रसिद्ध आहे. कसरीने खाल्लेल्या मोडी कागदाला पातळ आवरण चिकटवून आधार देता येतो; खाल्लेली अक्षरे परत येत नाहीत. ती तर्काने भरून काढावीत की जागा मोकळी सोडावी? संपादनशास्त्राचे उत्तर ठाऊक आहे : तर्क करावा, पण कंसात.

मराठीत या प्रश्नाचे सर्वांत मोठे उदाहरण अर्थातच ज्ञानेश्वरीचे आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, अपपाठांनी मलिन झालेला ग्रंथ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात स्वतःची ओवी मिसळू नये म्हणून कडक इशाराही दिला. हा जीर्णोद्धार झाला नसता तर ग्रंथ कोणत्या अवस्थेत आपल्यापर्यंत आला असता, याची कल्पना करवत नाही. तो वाहता राहिला, म्हटला गेला, पालखीतून गेला. उत्सवमूर्तीच्या बाबतीत जी गरज असते तीच येथे होती. पण काय काढले आणि काय ठेवले, याची टिपणी नाथांच्या काळाच्या रीतीत बसणारी नव्हती. त्यामुळे १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक पाठ प्रसिद्ध केला तेव्हा जो वाद उद्भवला, त्याचा निकाल देण्यासाठी नाथांच्या टेबलावरील कागद, असे म्हणता येईल, उपलब्धच नव्हते. नाथांना दोष देण्याचे कारण नाही. ते ग्रंथ मंदिरासाठी दुरुस्त करीत होते, संग्रहालयासाठी नव्हे.

वृषवाहनाच्या नंदीचे उत्तरही याच भेदात आहे. ती मूर्ती आज तिरुवेणकाडूच्या देवळात पूजेत असती, तर उत्सवाच्या दिवशी वाहनावाचून तिला बाहेर काढता आले नसते. स्थपतीला बोलावून, मुहूर्त पाहून, नंदी ओतून घेणे भागच होते, आणि त्यात कोणाला काही गैर वाटले नसते. राजवाड्यात तिची मिरवणूक निघत नाही. तेथे नवा नंदी आणून ठेवला, तर पाहणाऱ्याची नजर प्रथम त्याच्या ताज्या धातूकडे जाईल, आणि हाताचा तो किंचित सैल कोन, जो अकराव्या शतकातील कारागिराने एका विशिष्ट पाठीची उंची मनात धरून मेणात वळविला होता, नव्या पाठीशी जुळतो की नाही एवढेच तो पाहील.